बाहेरची कडी

घर भाड्याने बघायला आलेली माणसं आधी नळ सोडून बघतात. मग संडास, मग विजेचा मीटर, आणि शेवटी 'पावसाळ्यात भिंतींना ओल येते का हो?' असं विचारून लोणावळ्यातल्या कुठल्याही घरमालकाला खोटं बोलायला लावतात. मार्थाबाई साळव्यांनी यातलं काहीच केलं नाही. त्या नुसती दारं बघत सुटल्या. प्रत्येक दार उघडून, लावून, पुढून-मागून हात फिरवून पाहिलं. मग खांद्याच्या पिशवीतून पिवळ्या मुठीचा एक स्क्रू ड्रायव्हर काढला आणि मला म्हणाल्या, "भाऊ, बाहेरच्या कड्या काढाव्या लागतील. आतल्या राहू द्या."

मी आ वासून बघतच राहिलो. पासष्टीची, बुटकी, फिक्या सुती साडीतली बाई. मनगटावर पुरुषी घड्याळ, पायात कॅनव्हासचे बूट. आणि कुणाच्याही घरात शिरून कडी-कोयंडा उपटायची तयारी.

ही मागणी त्यांनी करावी ती नेमकी माझ्याकडे, याचं मला अजून हसू येतं. मी रेल्वेच्या मालधक्क्यावर आणि पार्सल ऑफिसात चौतीस वर्षं काढली. माझं कामच मुळी दारं लावण्याचं. वॅगनचं दार लागलं की कडी, कडीला सील, सीलचा नंबर वहीत. उघडं दार दिसलं की माझा हात आपोआप कडीकडे जातो. आमची सौभाग्यवती म्हणायची, "हे विहारात वंदनेला बसले तरी एक डोळा चपलांवर असतो." ती गेली, मुलगा नोकरीसाठी परराज्यात गेला, तळमजला रिकामा पडला. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना तो द्यायचा म्हणजे बाटल्या गोळा करत बसायचं, म्हणून नेहमीचा भाडेकरू शोधत होतो.

कड्या कशाला काढायच्या, असं विचारलं तेव्हा त्यांनी सरळच सांगितलं. इथे तुरुंगातून सुटलेल्या बायका राहणार होत्या. एका वेळी चार-पाच जणी. कुणी सहा महिने, कुणी वर्ष, जिच्या तिच्या सावरण्याप्रमाणे. मार्थाबाई मूळच्या नगरकडच्या, मिशनच्या दवाखान्यात उभा जन्म परिचारिका म्हणून गेलेला, लग्न केलेलं नव्हतं. निवृत्तीनंतर तळेगावला राहायच्या. तिथल्या त्यांच्या चर्चच्या मंडळीतली काही माणसं दर नाताळात पुण्याच्या तुरुंगात बायकांच्या विभागात गाणी म्हणायला जात. एका वर्षी गाणी संपल्यावर एका बाईने त्यांचा हात धरून विचारलं, "मी महिन्याने सुटते. सुटून जाऊ कुठं?"

"मी तिला म्हटलं, देव वाट दाखवील," मार्थाबाई मला सांगत होत्या. "घरी आले आणि लाज वाटली हो. देवाने वाट दाखवायलाच तर मला तिथं उभं केलं होतं. आणि मी काम परत त्याच्यावरच ढकलून आले."

मग दाराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "वर्षानुवर्षं यांचं दार दुसऱ्या कुणीतरी लावलंय. आतून लागतं ते घर, भाऊ. बाहेरून लागते ती कोठडी. मला घर हवंय."

घर मी दिलं. फार उदात्त हेतूने दिलं असं नाही. बाई नीटनेटकी दिसली, आणि दारू पिऊन गच्चीवर नाचणार नाही एवढी खात्री वाटली. पण मनात धाकधूक होतीच. पहिल्या आठवड्यातच बायकोचे चार दागिने एका डब्यात घालून मी तळेगावला बहिणीकडे ठेवायला निघालो. फाटकाशी मार्थाबाई भेटल्या. डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "सांभाळून जा हं. गाडीत चोऱ्या फार होतात." ते साधेपणाने म्हणाल्या की मला चिमटा काढला, हे मला त्यांच्या शेवटापर्यंत कळलं नाही.

एका दुपारी त्यांनी सगळ्या दारांच्या बाहेरच्या कड्या स्वतः काढल्या आणि बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात भरल्या. घराला नाव नको, पाटी नको. मी सुचवून पाहिलं तर म्हणाल्या, "पाटी लावली की बघ्यांचीच सोय होते." येणाऱ्या प्रत्येक बाईला पहिल्या दिवशी दोन वस्तू मिळायच्या. एक, मापाच्या नव्या चपला. त्यासाठी त्या तुरुंगाच्या फाटकाशी तीन मापांचे जोड घेऊन उभ्या राहायच्या. दुसरी, पुढच्या दाराची किल्ली, लाल दोऱ्यात ओवलेली.

आणि 'कशासाठी गेली होतीस' हा प्रश्न त्या घरात कुणी कुणाला विचारायचा नाही. शेजारच्या बंगलेवाल्यांपैकी एक गृहस्थ एकदा तावातावाने आला. इथं कसल्या बायका ठेवल्यात, त्यांनी काय काय केलंय, आम्हाला कळलं पाहिजे. मार्थाबाईंनी त्याला खुर्ची दिली. "आधी चहा, मग चौकशी." चहा झाला, चहाबरोबर तांदळाची घावनं झाली, त्याच्या आईच्या गुडघेदुखीवर तेल कसं चोळायचं ते सांगून झालं. गृहस्थ उठून गेला तेव्हा चौकशी राहूनच गेली होती. पुढे तोच आईला घेऊन यायला लागला. मीही इतक्या वर्षांत तिथल्या कुणाचा गुन्हा विचारला नाही. पहिले काही महिने जीभ वळवळायची, ते कबूल करतो.

मंडळीतल्या इतर बाया आळीपाळीने मुक्कामाला असत. कुणी शिवण शिकवी, कुणी सहीपुरती अक्षरं. एखादी दारूतून सुटत असली, हात कापत असले, तर तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवून मार्थाबाई तिला अंगणात फेऱ्या मारायला लावत, आणि स्वतः बरोबर चालत. मला वाटत होतं, आता इथे धर्माचा प्रचार सुरू होणार. एकदा चेष्टेने विचारलंही, माझा नंबर कधी लावताय? म्हणाल्या, "तुमच्या न्हाणीघराचं छत गळतंय. ते आधी बघा." त्यांची प्रार्थना मात्र ऐकण्यासारखी असे. डोळे मिटून, पण सूर किराणावाल्याशी बोलल्याचा. "देवबापा, काल सांगितलेलं राहिलंय. हिला झोप लागत नाही. आज बघ." एवढं बोलून ताट पुढे ओढायच्या. स्वयंपाकघराच्या फळीवर एकीचा गणपती होता, एकीची येशूची तसबीर. एक जण गुरुवारचा उपास करायची, आणि तिच्यासाठी मार्थाबाई आठवणीने रताळी आणायच्या.

आता कमलचं सांगतो, कारण तिचं सांगितल्याशिवाय मार्थाबाई पुऱ्या कळायच्या नाहीत.

कमल बेडश्याची. लेण्यांच्या डोंगराखाली तिच्या भावाची, बाळूची, थोडी शेती. सहा वर्षं आत काढून ती बाहेर आली तेव्हा तिशी-पस्तिशीची असेल, पण चालताना भिंतीच्या कडेकडेने चालायची. तिची मुलगी प्रणाली बाळूकडे वाढत होती. आई तुरुंगात गेली तेव्हा चार वर्षांची होती, आता पाचवीत. कमलला बाकी काही नको होतं. ही पोर आपल्याजवळ यावी, एवढंच. बाळू वाईट माणूस नव्हता. तो मार्थाबाईंना म्हणाला, "बाई, ती आदी मानसात येऊंद्या. मी श्रावनात येतो पोरीला घिऊन. तवा बघू." म्हणजे सगळं त्या भेटीवर होतं.

माणसात येणं सोपं नव्हतं. पहाटे उजाडायच्या आत कमल पांघरुणाची घडी करून दाराशी उभी राहायची, गिनतीसाठी. इथे कुणी मोजणार नाही हे तिला पटायचं, पण पायांना पटायचं नाही. आणि दिवसभर परवानग्या. बाई, पानी पिऊ? बाई, न्हाऊ का? बाई, हितं बसू? मार्थाबाईंनी यावर एक अजब इलाज काढला होता. त्यांचा उजवा कान अधू होता म्हणे. कमल परवानगी मागायला लागली की त्या हमखास तो कान पुढे करायच्या आणि काहीच ऐकू न आल्यासारख्या आपल्या कामात राहायच्या. कमल दोनदा विचारी, तीनदा विचारी, मग तहान अनावर झाली की आपणच माठाकडे जाई. गंमत म्हणजे पलीकडच्या खोलीत दूध उतू गेलेलं त्याच कानाला बरोबर ऐकू यायचं.

मला एकदा राहवलं नाही. म्हटलं, अहो, एक 'हो' म्हणायला काय जातं? म्हणाल्या, "आज मी हो म्हणाले की उद्या ती माझी कैदी. घाई कोणाला आहे? मला नाही."

हळूहळू फरक पडत गेला. कमल न विचारता बसायला लागली, न विचारता चहा टाकायला लागली. मला 'आबा' म्हणू लागली. फक्त दार ती स्वतः उघडायची नाही. लाल दोऱ्याची किल्ली पदराच्या गाठीत असायची, पण दारापाशी आली की कुणीतरी उघडेपर्यंत थांबायची. मार्थाबाई म्हणायच्या, तेही होईल.

आणि मग मी माती खाल्ली.

लोणावळ्यात राहणाऱ्याला माकडांचं वेगळं सांगायला नको. आमच्या मागच्या अंगणात एक सुटी खोली आहे, सामानाची. तांदळाचं पोतं, पीठ, कांदे सगळं तिथे. तिला एकच दार, आणि एक लहानशी गजांची खिडकी. त्या श्रावणात माकडांच्या टोळीने दोनदा पिठाचा डबा सांडला, कांद्याची माळ छपरावर नेली. मार्थाबाई तेव्हा आजारी पडून आठवडाभर तळेगावला होत्या. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते उगाच नाही. मी बाजारातून दणकट कडी आणली आणि त्या खोलीच्या दाराला बाहेरून ठोकली. ठोकली म्हणजे दोन इंच लांबीचे चार स्क्रू, रेल्वेच्या इमानाने पिळून बसवले. ही सामानाची खोली, इथे कोण राहतंय, अशी स्वतःची समजूतही घातली.

दोनच दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, मला पेन्शनच्या एका कागदासाठी बाहेर जायचं होतं. बाकीच्या बाया शिवणाच्या वर्गाला गेलेल्या. मागच्या छपरावर माकडं धडधडत होती आणि खोलीचं दार अर्धवट उघडं दिसलं. हात कडीकडे गेला. आत डोकावलोसुद्धा नाही. कडी सरकवली आणि समाधानाने निघून गेलो.

परत आलो तेव्हा चार वाजले होते. बाया कमलला शोधत होत्या. चपला जागेवर, ती नाही. धावत मागे गेलो आणि कडी काढली.

कमल आत तांदूळ निवडत बसली होती. सगळं सूप निवडून झालं होतं, आणि निवडलेलेच तांदूळ ती पुन्हा निवडत होती. दार उघडताच उठून उभी राहिली. हात पुढे जोडलेले, नजर खाली, पाय जवळ. खिडकीपलीकडे शेजाऱ्यांचा माळी दुपारभर कुंपण कापत होता. एक हाक मारली असती तर तो आला असता. तिने मारली नव्हती. दारावर एक थापसुद्धा दिली नव्हती.

मी काय बोललो मला आठवत नाही. माफी मागितली असेन. ती खाली बघत म्हणाली, "मला वाटलं, बराक बंद झाली. काय चुकलं माझं, ते आटवत बसलते."

पाच तास. पाच तास ती बाई आपली चूक आठवत बसली होती, आणि चूक माझी होती. मी वर जाऊन पलंगावर बसलो आणि बायको गेल्यानंतर पहिल्यांदा रडलो.

दुसऱ्या दिवसापासून कमल पुन्हा पहाटे दाराशी उभी राहायला लागली. पुन्हा पाणी पिऊ का, बसू का. आणि नेमक्या त्याच रविवारी बाळू पोरीला घेऊन आला. प्रणालीने दोन वेण्या घातल्या होत्या, हातात आईसाठी चिक्कीचा पुडा. कमल भिंतीला टेकून उभी. पोर समोर आली तशी तिने माझ्याकडे बघून विचारलं, "आबा, हिला जवळ घिऊ का?" मी हो हो म्हणत पुढे झालो, पण पोर तोवर मामाच्या मागे लपली होती. आपल्या आईने असं परक्या म्हाताऱ्याला का विचारावं, हे तिला कसं कळणार? अर्ध्या तासात बाळू उठला. फाटकाशी मला हळूच म्हणाला, "पोर लय भ्यालीय. आत्ता न्हाई, आबा. वर्साने बघू." चिक्कीचा पुडा पायरीवर तसाच राहिला.

मार्थाबाई आल्या त्या सोमवारी. मी फाटकातच सगळं सांगून टाकलं, अगदी दोन इंची स्क्रूंसकट. बोलणी खायची माझी तयारी होती. खरं तर बोलणी मिळाली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी ऐकून घेतलं, मागे जाऊन कडी बघितली आणि म्हणाल्या, "पक्की बसवलीत." मी म्हटलं, आत्ता काढतो. त्यांनी मान हलवली. "तुम्ही नाही, भाऊ. आणि मीही नाही. आपण काढली तर कमल दुसऱ्यांनी उघडलेली दारंच मोजत बसेल."

त्यानंतर रोज दुपारी त्या सामानाच्या खोलीच्या पायरीवर येऊन बसू लागल्या. दार सताड उघडं. शेजारी पायरीवर पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर ठेवलेला. हातात भाजी, नाहीतर विणकाम. कमलला बोलावलं नाही, सांगितलं नाही. कमल दोरीवरचे कपडे काढायला यायची, त्या स्क्रू ड्रायव्हरकडे बघायची आणि जायची. मी वरच्या खिडकीतून हे बघत होतो. चार दिवस झाले, आठवडा झाला. आजारातून उठलेली बाई ती, गार वाऱ्यात रोज तासन् तास बसायची. मी खाली जाऊन म्हटलं, किती दिवस असं? उत्तर मला ठाऊकच होतं. घाई कोणाला आहे?

नवव्या की दहाव्या दिवशी कमल कपडे काढता काढता थांबली. कपडे पुन्हा दोरीवर टाकले. पायरीपाशी आली आणि विचारलं, "बाई, घिऊ?"

मार्थाबाईंनी उजवा कान पुढे केला आणि मेथी निवडत राहिल्या.

कमल किती वेळ उभी होती कोण जाणे. मग तिने वाकून स्क्रू ड्रायव्हर उचलला. पहिला स्क्रू तिने उलटा फिरवला, तो आणखी घट्ट झाला. मला खिडकीत थांबवेना. जिना उतरून मी तरातरा निघालो, तर मार्थाबाईंनी जागेवरूनच माझ्या सदऱ्याचं टोक पकडलं आणि मला पायरीवर बसवलं. एकेका स्क्रूला दहा-दहा मिनिटं लागली. तिच्या तळहाताला फोड आला. चौथा निघाला तेव्हा कडी खाली फरशीवर पडून एवढा आवाज झाला की छपरावरची माकडं पळाली. कमल हसली. तिचे दात मी तेव्हा पहिल्यांदा बघितले.

कडी तिने मार्थाबाईंच्या हातात ठेवली. मार्थाबाईंनी बिस्किटांच्या डब्यात टाकली. स्क्रू ड्रायव्हर परत करायला लागली तर त्या म्हणाल्या, "राहू दे तुझ्याकडे. माझे हात आता दुखतात."

तिसऱ्या दिवशी सकाळी कमल चांगली साडी नेसून स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "बाई, मी बेडश्याला जाते." जाऊ का, नव्हे. जाते. त्या अधू कानाला हे स्वच्छ ऐकू गेलं. मार्थाबाई लगबगीने उठल्या, डब्यात चपात्या बांधून दिल्या आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धुवत राहिल्या. कमलने पुढचं दार स्वतः उघडलं, बाहेर पडली, आपल्या किल्लीने दारातलं कुलूप लावलं. आम्ही सगळे आतच होतो, हे तिच्या लक्षातच आलं नाही. दहा पावलं गेल्यावर लक्षात आलं तशी जीभ चावत परत आली. मार्थाबाई आतून हसून हसून बेजार. "बघा भाऊ, आता आपली पाळी," म्हणाल्या.

कामशेतला उतरून पुढे जीपने ती बेडश्याला गेली ती दर आठवड्याला जात राहिली. पहिल्या वेळी पोर लांबून बोलली. नंतर कधीतरी तिच्याकडून वेणी घालून घेतली. दिवाळीच्या सुट्टीत प्रणाली आठ दिवसांसाठी आली, आणि पुढल्या जूनमध्ये इथल्या शाळेत तिचं नाव घातलं. बाळूच तिची पेटी घेऊन आला होता. जाताना बहिणीला म्हणाला, "आक्के, भाताला ये दोन दिस." कमल आता चिक्कीच्या कारखान्यात कामाला जाते, आणि संध्याकाळी आमच्या घरात नव्या आलेल्या बाईला चपला कुठे ठेवायच्या ते दाखवते. परवानगी मागणाऱ्यांसाठी तिचाही एक कान अधू झाला आहे.

मार्थाबाई गेल्या हिवाळ्यात गेल्या. पोटाचं दुखणं होतं. परिचारिकाच असल्यामुळे डॉक्टरांच्या आधी त्यांना कळलं होतं. शेवटच्या भेटीत मी त्यांच्या खाटेशी बसलो होतो. म्हटलं, न्हाणीघराचं छत केलं हो. त्यांनी डोळे उघडले. "आता तुमचा नंबर लावायला हरकत नाही," म्हणाल्या आणि हसल्या. ती आमची शेवटची चेष्टा.

दफनविधी तळेगावला होता. नगरहून त्यांचा भाचा आला होता, मंडळी होती, दवाखान्यातले जुने सहकारी होते. आणि एका बाजूला तीस-चाळीस बायका, ज्यांना भाचा ओळखत नव्हता. कुणी मुलं कडेवर घेऊन आलेली, कुणी कामावरच्या कपड्यातच. माझ्या शेजारी कमल आणि प्रणाली. गीत झालं, पाळकसाहेबांचं वाचन झालं. सगळ्यांनी शेवटचं बघून घेतलं. मग पेटीवर झाकण ठेवलं गेलं. सुताराने झाकणाबरोबर सहा स्क्रू दिलेले होते, ते भाच्याच्या तळहातावर होते. त्याने इकडेतिकडे बघून हलक्या आवाजात विचारलं, "स्क्रू ड्रायव्हर आहे का कोणाकडे?"

कमल पुढे झाली. पिशवीत हात घालून तिने तो पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर काढला. भाच्याने हात पुढे केला. तिने तो दिला नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"आहे," ती म्हणाली. "पर देनार न्हाई. बाईंना बाहेरून बंद करायचं न्हाई."

आवाज चढलेला नव्हता, पण शेवटच्या माणसापर्यंत गेला. तांदूळ निवडत पाच तास गप्प बसलेली बाई ती हीच. मागून कुणीतरी म्हणालं, गाडीतून दुसरा आणतो. पाळकसाहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. ते मार्थाबाईंना तीस वर्षं ओळखत होते. त्यांनी त्या बायकांकडे बघितलं, चष्मा काढून पुसला, आणि भाच्याच्या तळहातावरचे सहाही स्क्रू उचलून कमलच्या ओंजळीत ठेवले.

"राहू दे," ते म्हणाले. "नाहीतरी एक दिवस उघडायचंच आहे."

त्यांचा तो विश्वास आहे; माझा नाही. गेलेलं माणूस परत उठेल असं आमच्या घरात कुणी शिकवलं नाही. पण दोर सोडत पेटी खाली गेली तेव्हा मी झाकणाकडे बघत होतो, आणि माझा हात खिशातच होता. चौतीस वर्षांत हजारो पेट्या मी कडी लावून, सील करून पाठवल्या. नुसतं झाकण ठेवून रवाना केलेली ही एकच.